मारा नदीला बारमाही पाणी असताना विल्डबीस्टचे कळप दक्षिणेकडे परत का जातात?

भूगोलवेडा (प्रश्नकर्ता)

नमस्कार. टांझानियातील सेरेंगेटी आणि केनियातील मसाई मारा यांच्या दरम्यान दरवर्षी होणाऱ्या विल्डबीस्टच्या (गाईसारख्या दिसणाऱ्या मोठ्या आफ्रिकी हरणांच्या) स्थलांतराविषयी काही शंका बरेच दिवस मनात आहेत. त्या येथील जाणकारांपुढे मांडत आहे.

वाहिन्यांवरचे माहितीपट आणि सहल कंपन्यांची पत्रके पाहिली, तर सर्वत्र साधारण एकच हकिगत सांगितलेली असते. टांझानियातील दक्षिणेकडची मैदाने कोरडी पडतात, म्हणून सुमारे १३ लाख विल्डबीस्ट, त्यांच्यासोबत दोनेक लाख झेब्रे आणि काही लाख थॉमसन गॅझेल हरणे पाण्याच्या व चाऱ्याच्या शोधात उत्तरेला निघतात, मगरींनी भरलेली मारा नदी ओलांडून केनियात पोहोचतात आणि पाऊस सुरू झाला की परततात. यातला जाण्याचा भाग सहज समजतो. परतण्याचा मात्र उलगडा होत नाही. पर्जन्यमानाचा नकाशा उघडला, तर आग्नेयेकडच्या मैदानांवर वर्षाकाठी जेमतेम ५०० मिलिमीटर पाऊस पडतो, तर उत्तरेला माराच्या बाजूला त्याच्या दुपटीच्या आसपास. मारा नदी बारा महिने वाहते आणि उत्तरेचे गवतही उंच व भरपूर असते. असे असताना, एकदा एवढे सुखाचे ठिकाण गाठल्यावर, नोव्हेंबरात पोटात वासरे असलेल्या माद्यांसह पुन्हा त्याच उघड्याबोडक्या माळाकडे शेकडो किलोमीटर चालत जाण्याचे कारण काय असावे? ‘जन्मभूमीची ओढ’ हे उत्तर वाचले आहे, पण ते पटत नाही.

याला जोडूनच आणखी दोन गोष्टी विचारतो. कळपाची वाट कोण ठरवते, म्हणजे त्याला कोणी म्होरक्या असतो का? आणि ‘आफ्रिकेतील सर्वांत मोठे स्थलांतर’ हे जे विशेषण सरसकट लावले जाते, ते कितपत खरे आहे?

तृणांकुर

आपण नेमक्या जागी बोट ठेवले आहे. कळप परत का येतात, याचे निम्मे उत्तर पावसात आहे आणि निम्मे मातीत.

उत्तरेला गवत भरपूर आहे हे खरे, परंतु भरपूर गवत कसदार असेलच असे नाही. जिथे पाऊस जास्त, तिथे गवत उंच वाढते, त्याचे ताट जाड आणि चिवट होते आणि जनावराच्या प्रत्येक घासातील प्रथिनांचे व क्षारांचे प्रमाण कमी होते. आग्नेयेच्या मैदानांवर परिस्थिती नेमकी उलटी आहे. ती मैदाने न्गोरोंगोरोच्या डोंगराळ प्रदेशातील ज्वालामुखींच्या राखेवर तयार झाली आहेत. त्यांपैकी केरिमासी आता थंड आहे, पण ओल दोइन्यो लेंगाई अजून जागृत आहे आणि त्याचा मोठा उद्रेक अगदी २००७-०८ मध्येही झाला. वाऱ्याबरोबर पश्चिमेला येऊन पसरलेल्या या राखेत कॅल्शियम, सोडियम यांसारखे क्षार मुबलक आहेत. पावसाच्या पाण्यात विरघळलेला चुना खाली झिरपतो आणि थोड्याच खोलीवर त्याचा दगडासारखा टणक थर बनतो. झाडांची मुळे तो थर भेदू शकत नाहीत, म्हणून त्या माळावर कोसच्या कोस झाड दिसत नाही. उगवते ते केवळ बोटभर उंचीचे, दाट, मऊ गवत. चारा म्हणून त्याचे एकूण वजन फारसे भरणार नाही, पण मादीला दूध उतरण्यासाठी आणि वासराची हाडे भरण्यासाठी जे कॅल्शियम व फॉस्फरस लागते, ते त्याच्यातून मिळते. उत्तरेच्या उंच गवतातून, विशेषतः फॉस्फरसच्या बाबतीत, दुभत्या मादीची ही गरज भागत नाही. मॅकनॉटन यांनी १९९० मध्ये स्थलांतराचा संबंध या क्षारांशी जोडून दाखवला. पुढे २००९ मध्ये होल्डो, होल्ट आणि फ्रिक्सेल या तिघांनी निरनिराळी गणिती प्रारूपे तपासली. पाऊस एका दिशेने वाढत जातो आणि गवताचा कस त्याच्या विरुद्ध दिशेने वाढत जातो, या दोन्ही गोष्टी एकत्र धरल्या तेव्हाच कळपांच्या प्रत्यक्ष हालचालींशी सर्वांत चांगला मेळ बसला.

आता हे सगळे खरे असेल, तर कळप दक्षिणेलाच कायमचे का राहत नाहीत, असा उलट प्रश्न येतो. त्याचे कारण पाणी. त्या मैदानांवर बारमाही नदी नाही. सरोवरे आहेत ती खारी. पावसाची डबकी असेपर्यंतच तिथे राहता येते आणि ती आटू लागली की उरलेल्या पाण्यातला खारेपणाही वाढत जातो. मे-जूनपर्यंत गवत वाळून जमिनीलगत येते आणि कळपांना निघण्यावाचून गत्यंतर उरत नाही. याउलट उत्तरेला, व्हिक्टोरिया सरोवरावर तयार होणाऱ्या ढगांमुळे, ऐन कोरड्या मोसमातही अधूनमधून सरी पडतात. म्हणून माझ्या मते उत्तरेला ‘सुखाचे ठिकाण’ म्हणण्याऐवजी वाईट दिवस निभावून नेण्याची जागा म्हणणे अधिक योग्य होईल. जनावराच्या अंगावर मांस चढते ते दक्षिणेला.

वासरांचा जन्मही दक्षिणेलाच होतो. जानेवारीच्या अखेरीपासून मार्चपर्यंत हा हंगाम चालतो, पण बहुसंख्य माद्या, ढोबळमानाने दर दहांतील आठ, दोन-तीन आठवड्यांच्या अवधीतच वितात. इतकी वासरे एकाच वेळी जन्माला आल्यावर सिंह, तरस आणि चित्ते यांनी कितीही खाल्ली तरी त्यांच्या पोटाला मर्यादा आहे. त्या आखूड गवतात शिकारी प्राणी लांबूनच दिसतो, हा आणखी एक फायदा. जन्मलेले वासरू काही मिनिटांत उभे राहते आणि थोड्याच वेळात आईबरोबर धावू लागते. ज्याला हे जमत नाही, ते वाचत नाही.

म्होरक्याविषयी सांगायचे तर, असा कोणी नसतो. उपग्रहाशी जोडलेले पट्टे गळ्यात बांधून केलेल्या नोंदींवरून दिसते की एकाच जनावराची वाटही दोन वर्षे सारखी नसते. पाऊस कुठे पडला आणि कोवळे गवत कुठे फुटले, त्यानुसार कळप फुटतात, वळतात आणि पुन्हा एकत्र येतात. त्यामुळे नकाशांवर जे गोल फिरणारे बाण काढलेले असतात, ते अनेक वर्षांची सरासरी म्हणून पाहावेत.

झेब्रे आणि गॅझेल यांचाही आपण उल्लेख केलात, म्हणून थोडे त्यांच्याविषयी. या तिघांचे चरणे म्हणजे एकाच मांडवात उठणाऱ्या तीन पंगती आहेत. झेब्रा रवंथ करत नाही. निकृष्ट चारा मोठ्या प्रमाणात खाऊन भराभर पुढे ढकलणे त्याच्या पचनसंस्थेला जमते आणि वर-खाली दोन्हीकडे पुढचे दात असल्याने तो उंच, चिवट गवताचे शेंडे कापून खाऊ शकतो. विल्डबीस्टला गाईप्रमाणेच वरच्या जबड्यात पुढचे दात नसतात, पण त्याचे तोंड रुंद असल्याने खाली उरलेले पानांचे आखूड गवत तो झपाट्याने उपटतो. त्यानंतर निमुळत्या तोंडाचे गॅझेल उरलेल्या खुंटांतून नवे कोंब आणि बारीक पालेभाजीसारख्या वनस्पती वेचते. रिचर्ड बेल यांनी १९७१ मध्ये हा क्रम मांडला, तेव्हा झेब्रा पुढच्यांसाठी वाट मोकळी करतो असे मानले गेले. अलीकडे, २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने त्यात एक बोचरी भर घातली आहे. ती अशी की झेब्रे पुढे असतात यामागे औदार्य नाही, तर मागून येणाऱ्या विल्डबीस्टच्या प्रचंड संख्येपुढे त्यांना चारा उरत नाही, हेही एक मोठे कारण आहे.

तिसऱ्या प्रश्नावर दुसरे कोणी लिहिले तर बरे होईल.

नदीकाठ

वरील प्रतिसाद माहितीपूर्ण आहे, परंतु त्यात नदीला अगदीच दुय्यम स्थान दिले आहे असे वाटते. मारा नदी ओलांडताना हजारो जनावरे बुडतात आणि मगरींच्या तोंडी जातात, आणि दुबळी जनावरे अशी वगळली गेल्यामुळेच कळपांची संख्या काबूत राहते, असे मी समजत आलो आहे. नदी नसती तर एवढ्या जनावरांनी सगळे माळ केव्हाच उजाड केले असते.

अरुशाकर

मी अनेक वर्षे उत्तर टांझानियात राहतो आणि कामानिमित्त या मैदानांवर वरचेवर जाणे होते, म्हणून प्रथम नदीविषयी लिहितो.

नदी ओलांडणे ही एकदाच घडणारी गोष्ट आहे, असा समज चित्रफितींमुळे झाला आहे. प्रत्यक्षात जुलै ते ऑक्टोबर या काळात तेच कळप नदीच्या अलीकडे-पलीकडे अनेकदा ये-जा करतात. काल पलीकडे पाऊस झाला तर आज तिकडे आणि चार दिवसांनी अलीकडे झाला तर पुन्हा इकडे, असे चालते. शिवाय ऐन ऑगस्टमध्येही सगळी जनावरे केनियात नसतात. मोठा हिस्सा टांझानियाच्या हद्दीतच, कोगाटेंडे आणि लामाईच्या परिसरात असतो. काठावर आलेला कळप तासन् तास उभा राहतो. पुढची जनावरे पाण्याचा वास घेतात, दोन पावले उतरतात, मागच्यांच्या रेट्याने आणखी एक पाऊल पुढे सरकतात, आणि पलीकडच्या झुडपात काही हलले की सगळा कळप धूळ उडवत माघारी पळतो. असे दोन-तीनदा होऊन दिवस मावळतो आणि नदी ओलांडली जातच नाही. ज्या दिवशी ओलांडली जाते, त्या दिवशी पाण्यातल्या मगरींपेक्षा पलीकडची उभी दरड अधिक घातक ठरते. खुरांनी भिजून निसरडी झालेली ती दरड चढताना पुढची जनावरे मागच्यांच्या अंगावर घसरतात, तुडवली जातात आणि बुडतात.

नदीकाठ यांच्या मुद्द्याबाबत आकडे उपलब्ध आहेत. सुबालुस्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ ते २०१५ या काळातील नोंदींवरून २०१७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार मारा नदीत दरवर्षी सरासरी ६,२५० विल्डबीस्ट बुडून मरतात. म्हणजे साधारण १,१०० टन मांस आणि हाडे नदीत पडतात. आकडा मोठा वाटतो, पण १३ लाखांच्या तुलनेत तो एक टक्काही भरत नाही. एवढ्याने संख्या काबूत राहत नाही. विल्डबीस्टच्या मृत्यूंचा हिशेब करणाऱ्या अभ्यासांत सर्वांत मोठे कारण उपासमार हे निघाले आहे. कोरड्या मोसमाच्या शेवटी चारा संपतो, तेव्हा जनावरे खंगून मरतात, आणि पुढच्या वर्षी किती उरतील हे बहुतांशी त्या दोन-तीन महिन्यांतील पाऊस ठरवतो. बुडालेल्यांचा उपयोग मात्र होतो. मगरी त्यांतला थोडाच भाग खातात, गिधाडे आणि मराबू करकोचे तुटून पडतात आणि उरलेल्या हाडांमधून फॉस्फरस पुढची कित्येक वर्षे पाण्यात झिरपत राहतो.

जमिनीविषयी तृणांकुर यांनी जे लिहिले आहे, ते पायाखालीही जाणवते. दक्षिणेकडील न्डुटूच्या बाजूची माती राखाडी आणि पिठूळ आहे. फेब्रुवारीत दोन दिवस ऊन पडले की ती नाकातोंडात जाते आणि एक चांगली सर आली की आठवडाभरात तोच माळ हिरवा होतो. पश्चिमेला ग्रुमेटीच्या खोऱ्यात आणि वर माराच्या बाजूला मात्र अनेक ठिकाणी आपल्याकडच्या कापसाच्या जमिनीसारखी काळी माती लागते. उन्हाळ्यात तिला हातभर भेगा पडतात आणि पावसाळ्यात तिच्यात गाडी रुतली की दुसरी गाडी येईपर्यंत बसून राहावे लागते. एप्रिल-मेमध्ये, मोठ्या पावसात, मध्य सेरेंगेटीतून पश्चिमेकडे सरकणाऱ्या कळपांमागे जाणे म्हणूनच कठीण होते, आणि पर्यटकही त्या दिवसांत कमी असतात.

महाराष्ट्रातून येणाऱ्या बहुतेक सहली ऑगस्टमध्ये, नदी पाहण्यासाठी येतात. मला स्वतःला फेब्रुवारी अधिक मोलाचा वाटतो. नदीकाठी एखाद्या वाटाड्याने बिनतारी यंत्रावर वर्दी दिली की पंधरा-वीस मिनिटांत गाड्यांची रांग लागते आणि काही वेळा गाड्याच कळपाची उतरण्याची जागा अडवून धरतात. असा अडवलेला कळप मग अधिक उभ्या दरडीकडे वळलेला मी पाहिला आहे.

खुरपडताळणी

मी पशुसंवर्धन क्षेत्रातून निवृत्त झालो आहे. या चर्चेत १३ लाख हा आकडा सर्वांनी जणू अनादी काळापासूनचा असल्यासारखा धरला आहे. वास्तविक १९६१ च्या सुमारास तिथे अडीच लाखांच्या आसपासच विल्डबीस्ट होते. १९७७ पर्यंत ते १३ लाख झाले. सोळा वर्षांत पाचपट वाढ झाली, आणि तिचे श्रेय गुरांना टोचलेल्या लसीला आहे.

बुळकांडी हा रोग महाराष्ट्रातील जुन्या पशुपालकांना सांगायला नको. ताप, तोंडात फोड, रक्तमिश्रित हगवण आणि आठवडाभरात गोठा रिकामा. आफ्रिकेच्या शिंगावर, म्हणजे खंडाच्या ईशान्य टोकाला, हा रोग १८८७ च्या सुमारास इटलीच्या लष्करासाठी आणलेल्या गुरांबरोबर पोहोचला आणि दहा वर्षांत खंडाच्या दक्षिण टोकापर्यंत गेला. पूर्व आफ्रिकेत दहांतील आठ-नऊ गुरे मेली आणि गुरांवरच जगणाऱ्या मसाई लोकांवर भयंकर दुष्काळ ओढवला. म्हशीच्या जातीचे रानरेडे आणि विल्डबीस्टही मोठ्या प्रमाणात मेले. त्यानंतर साठ-सत्तर वर्षे हा रोग सेरेंगेटीत टिकून राहिला आणि त्याचा घाव विशेषतः वर्षाच्या आतल्या वासरांवर बसत असे. आईच्या दुधातून मिळालेले संरक्षण सहा-सात महिन्यांनी ओसरले की वासरे दगावत.

त्या काळी सर्वसाधारण समजूत अशी होती की रोगाचे मूळ रानटी जनावरांत आहे आणि त्यांच्यापासून तो गुरांना होतो. १९५० च्या दशकात उद्यानाभोवतालच्या गुरांना पद्धतशीर लस टोचण्यास सुरुवात झाली. विल्डबीस्टला कोणी सुई लावली नव्हती, तरीही १९६३ च्या सुमारास त्यांच्यातील रोग नाहीसा झाला. म्हणजे रोग गुरांकडून रानात जात होता. या लढ्यात आपल्याकडच्या कामाचाही वाटा आहे. १८८९ मध्ये पुण्यात सुरू झालेली आणि पुढे मुक्तेश्वरला हलवलेली सरकारी जिवाणूशास्त्र प्रयोगशाळा, म्हणजे आजच्या भारतीय पशुवैद्यकीय संशोधन संस्थेचे मूळ रूप, हिच्यात एडवर्ड्स यांनी १९२० च्या दशकात विषाणू शेळ्यांमधून पुनःपुन्हा नेऊन सौम्य केला आणि त्यापासून लस मिळाली. पुढे केनियात मुगुगा येथे वॉल्टर प्लोराइट यांनी पेशीसंवर्धनावर वाढवलेली अधिक सुरक्षित लस तयार केली. तिच्या जोरावर २०११ मध्ये बुळकांडी जगातून हद्दपार झाल्याचे जाहीर झाले. देवीनंतर असा मान मिळालेला हा दुसराच रोग.

विल्डबीस्ट वाढल्याने पुढे जे घडले, तेही लक्षात घेण्याजोगे आहे. त्यांनी गवत खाल्ले, त्यामुळे वणव्यांना इंधन उरले नाही, वणवे कमी झाल्याने झाडांची रोपे जगली आणि सेरेंगेटीच्या अनेक भागांत झाडी वाढली. ‘एवढ्या जनावरांनी माळ उजाड केले असते’ असे वर म्हटले आहे. प्रत्यक्षात त्यांच्या चरण्यानेच झाडे वाढली.

भूगोलवेडा

सर्वांचे मनापासून आभार. क्षारांचा मुद्दा वाचल्यावर नकाशाचा अर्थ लागला. आता एक नवा प्रश्न पडतो. दक्षिणेचा कस आणि उत्तरेचे पाणी या दोन्हींची गरज असेल, तर मध्ये कुठे वाट अडली की सगळेच संपले, असे म्हणावे लागेल. आफ्रिकेत असे प्रत्यक्ष कुठे घडले आहे का? आणि सर्वांत मोठ्या स्थलांतराविषयीचा प्रश्न अजून शिल्लकच आहे.

वाटसरू

दुर्दैवाने घडले आहे, आणि एकाहून अधिक ठिकाणी.

बोत्स्वानात १९५० च्या दशकापासून गुरांच्या लाळ्या-खुरकूत रोगाला आळा घालण्यासाठी शेकडो किलोमीटर लांबीची तारेची कुंपणे घातली गेली, कारण युरोपला गोमांस निर्यात करायचे तर रोगमुक्त क्षेत्र दाखवणे आवश्यक होते. कालाहारीतील विल्डबीस्ट दुष्काळात उत्तरेकडच्या पाण्याकडे जात असत. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीच्या दुष्काळात ते या तारांपाशी येऊन अडले आणि हजारोंच्या संख्येने मेले. तो कळप पुन्हा पूर्वीसारखा उभा राहिला नाही. याच देशातील दुसरी हकिगत मात्र थोडी आशादायक आहे. ओकावांगोच्या त्रिभुज प्रदेशातून मकाडीकाडीच्या खाऱ्या मैदानांकडे जाणारा झेब्र्यांचा मार्ग १९६८ पासून कुंपणाने बंद होता. ते कुंपण २००४ मध्ये काढले गेले आणि चार वर्षांच्या आत काही झेब्रे त्या वाटेने जाऊ लागल्याचे गळ्यात बांधलेल्या उपग्रह-पट्ट्यांवरून दिसले. जाऊन-येऊन हे अंतर ५०० किलोमीटरहून अधिक भरते. छत्तीस वर्षे बंद असलेली वाट पाहिलेला एकही झेब्रा तेव्हा जिवंत असणे शक्य नव्हते, तरीही ती सापडली. त्याच प्रदेशातील झेब्र्यांवर झालेल्या पुढच्या अभ्यासात असे आढळले की ते समोर दिसणाऱ्या हिरवळीइतकेच, किंबहुना अधिक, पूर्वीच्या अनुभवाच्या आठवणीवर विसंबून दिशा धरतात. ही आठवण नसलेल्या पहिल्या झेब्र्यांनी वाट कशी काढली, हे मला या सगळ्या विषयातले सर्वांत रंजक कोडे वाटते.

केनियाचे उदाहरण अधिक जवळचे आहे, कारण ते माराच्या शेजारचेच आहे. मसाई मारात टांझानियातून येणाऱ्या कळपांव्यतिरिक्त केनियाचा स्वतःचा एक कळप आहे. तो पावसात लोईटाच्या मैदानांवर असतो आणि कोरड्या मोसमात मारात उतरतो. १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात त्यात लाखाहून अधिक जनावरे होती. पुढच्या वीस वर्षांत त्यातील तीन चतुर्थांशांहून अधिक नाहीशी झाली, कारण त्यांच्या विण्याच्या मैदानांवर यंत्राने गव्हाची शेती सुरू झाली. नंतर सामूहिक जमिनींची वैयक्तिक मालकीत वाटणी झाली आणि ज्याने-त्याने आपापल्या तुकड्याला तार ओढली. नैरोबीच्या दक्षिणेला अथी-कापुतिएई मैदानांवरचा कळप तर शहराच्या वाढीत जवळपास संपलाच. माराच्या भोवती २००५ च्या आसपासपासून मसाई जमीनमालकांना दरमहा भाडे देऊन जमीन खुली ठेवण्याचे करार होऊ लागले आहेत. माझ्या मते हा मार्ग भाषणबाजीपेक्षा कितीतरी अधिक परिणामकारक आहे, कारण तार न ओढण्याचा मोबदला ज्याची जमीन आहे त्यालाच मिळतो.

मुख्य कळपावरही असे संकट येऊन गेले आहे. २०१० मध्ये टांझानियाच्या सरकारने उत्तर सेरेंगेटीतून महामार्ग नेण्याची योजना जाहीर केली. उद्यानातील तुकडा सुमारे ५० किलोमीटरचाच होता, पण तो बरोबर मारा नदीकडे जाणाऱ्या वाटेवर आडवा येत होता. हे प्रकरण पूर्व आफ्रिकी न्यायालयात गेले आणि जून २०१४ मध्ये न्यायालयाने तिथे डांबरी रस्ता करणे बेकायदा ठरवले. रस्ता मागणाऱ्या पूर्वेकडील गावांची गरज खरी आहे, हेही नमूद केले पाहिजे.

आता सर्वांत मोठ्या स्थलांतराविषयी. हे विशेषण आता सेरेंगेटीकडे राहिलेले नाही. दक्षिण सुदानमध्ये बोमा आणि बादिंगिलो या उद्यानांच्या परिसरात, नाईलच्या पूर्वेला, पांढऱ्या कानांचे कोब, तिआंग, मोंगाला गॅझेल आणि रीडबक या हरणांचे स्थलांतर होते. यादवी युद्धांमुळे तिथे फार काळ मोजणी होऊ शकली नव्हती. २०२३ मध्ये केलेल्या हवाई पाहणीचे निष्कर्ष जून २०२४ मध्ये जाहीर झाले आणि या चार जातींची मिळून संख्या सुमारे ६० लाख निघाली. त्यात एकट्या कोबचा वाटा ५० लाखांच्या आसपास आहे. तिकडे पर्यटक जवळजवळ नाहीत, नदीकाठी गाड्यांच्या रांगा नाहीत, म्हणून आपल्याला त्याची वार्ता नसते. शिकारीचा धोका मात्र तिथे मोठा आहे, कारण बंदुका मुबलक आहेत आणि नव्या रस्त्यांवरून रानातले मांस शहरांच्या बाजारांत पोहोचू लागले आहे.

नदीकाठ

अरुशाकर आणि खुरपडताळणी यांच्या सविस्तर उत्तरांबद्दल आभार. एक लहानशी विचारणा आहे. दक्षिणेचे गवत एवढे कसदार असेल, तर मसाई लोक आपली गुरे फेब्रुवारीत तिथेच का नेत नाहीत? की तिथे मनाई आहे?

खुरपडताळणी

सेरेंगेटी राष्ट्रीय उद्यानात गुरे चारण्यास मनाई आहेच. १९५९ मध्ये मसाई लोकांना तिथून हलवून न्गोरोंगोरो संवर्धन क्षेत्र वेगळे करण्यात आले आणि तिथे माणसे, गुरे व वन्य प्राणी एकत्र राहतील असे ठरले. विण्याच्या मैदानांचा बराच भाग या दुसऱ्या क्षेत्रात येतो. परंतु मनाई नसलेल्या जागीही मसाई गुराखी त्या दिवसांत आपली जनावरे वासरांपासून दूर ठेवतात आणि डोंगराच्या बाजूला, कमी प्रतीच्या चाऱ्यावर नेतात. विल्डबीस्टच्या वासरांच्या नाकाडोळ्यांतील स्रावातून एक विषाणू बाहेर पडतो. खुद्द विल्डबीस्टला तो काही करत नाही, पण गाईबैलांना त्यापासून जो ताप येतो त्यातून जनावर सहसा वाचत नाही. नाकातून घट्ट शेंबूड, डोळ्यांवर दुधाळ पांढरेपणा, आणि मग मृत्यू. त्यावर सर्वत्र वापरात असलेली लस अजून नाही. वासरे तीन-चार महिन्यांची झाली की त्यांच्यापासूनचा धोका ओसरतो. मसाई लोकांनी हा संबंध प्रयोगशाळांच्या कितीतरी आधी ओळखला होता, जरी त्यांनी दोष विल्डबीस्ट विताना पडणाऱ्या वारेला दिला होता. या टाळण्याची किंमतही त्यांनाच मोजावी लागते, कारण वर्षातले सर्वांत चांगले गवत उगवते नेमके तेव्हाच त्यांची गुरे तिथे नसतात.